शेवटची चार बोटं

गेल्या जानेवारीत, सोलापुरात गड्ड्याची यात्रा भरली त्याच आठवड्यात, दोन मोकाट बैल आमच्या ज्वारीत शिरले. ज्वारी ऐन हुरड्यात. खाल्ली ती थोडीच, लोळवली जास्त. सकाळी जाऊन बघतो तर दारापासून विहिरीपर्यंत रुंद वाट पडलेली, आणि दार सताड उघडं. साखळी खांबाला लोंबकळत होती.

"उघडं कुणी ठेवलं?" मी विचारलं. उत्तर मला माहीत होतं. शेतातून सगळ्यात शेवटी येते ती आई. मी जरा चढ्या आवाजात बोललो. आई गप्प. ती भांडणात बोलत नाही, भाकरी थापताना बोलते. संध्याकाळी तव्यावर भाकरी टाकता टाकता एवढंच म्हणाली, "एक डाव तू भारा घेऊन ये की."

भारा काही मी घेतला नाही. माझी मान धरलेली असते. पण दुसऱ्या दिवशी बांधावर बसून तिच्याकडं नीट बघितलं. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर कडवळाचा ओला भारा, एका हातानं भाऱ्याचा तोल, दुसऱ्या हातात विळा. दाराशी आली, गुडघ्यानं दार ढकललं, बाहेर पडली. आता मागं वळायचं, दार ओढायचं, वाकून साखळी खिळ्यात अडकवायची. खिळा गुडघ्याच्या उंचीवर. वाकायचं म्हणजे भारा उतरवायचा, आणि उतरवलेला भारा परत डोक्यावर घ्यायचा तर उचलू लागायला दुसरं माणूस हवं. भर दुपारी आमच्या रानात दुसरं माणूस कुठनं येणार? म्हणून ती तशीच वस्तीवर जायची, भारा टाकायची, तांब्याभर पाणी प्यायची आणि दार लावायला परत यायची. कधी यायची, कधी राहून जायचं. वीस वर्षं आम्ही त्या साखळीचा दोष आईच्या नावावर खपवत होतो.

मी पेशानं जॉबर. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या मागांवर सत्तावीस वर्षं काढली. माग बिघडला की ज्याच्या नावानं हाक पडते तो जॉबर. आयुष्यभर खटके, कड्या, दाते, स्प्रिंगा यांच्यातच हात काळे केले. त्यामुळं माझ्याच शेताच्या दाराला धड कडी नाही हे त्या दिवशी जरा जास्तच लागलं.

रान आमचं बार्शी रोडला, नान्नजच्या अलीकडं. चार एकर, खोल काळी. अभयारण्य माळढोकाच्या नावाचं, पण आमच्या वाट्याला येतात काळवीट आणि रानडुकरं. काळविटाला दार नसतंच, तो उडी मारतो. त्याच्यासाठी कडी करून उपयोग नाही. त्रास असतो तो सोडून दिलेल्या जनावरांचा. आणि तो एकतर्फीही नाही. ज्वारी कोवळी असताना, त्यातून पावसानं ताण दिलेला असताना, जनावरानं ती ओरबाडली की किराळ लागते. पोंग्यात सायनाइडच्या जातीचं विष तयार झालेलं असतं. जनावर फुगतं, थरथरतं, तासाभरात आडवं होतं. लहानपणी शेजारच्यांची गाय अशी गेलेली मी बघितली आहे. दार उघडं राहिलं तर नुकसान कुणाचं होईल हे महिन्यावर ठरतं. सप्टेंबर-ऑक्टोबरात जनावराचं, जानेवारीत आमचं.

पूर्वी हा प्रश्न नव्हता, कारण दारच नव्हतं. बाभळीच्या काट्यांची कुपाटी आणि वाटेच्या तोंडाला एक काट्याची फेसाटी. जाताना ओढायची, येताना ओढायची. हाताला काटे, पण जनावर लांब. लोखंडी दार आलं तेव्हा आम्हाला वाटलं सुधारणा झाली.

पहिल्यांदा सगळे करतात तेच मी केलं. बाजारातून स्प्रिंगची बिजागरी आणली. थोडेच दिवस चालली. स्प्रिंगची खोड अशी की दार जितकं जास्त उघडावं तितकी ती जोरात ओढते, आणि दार मिटत आलं की तिचाच जीव ढिला पडतो. म्हणजे जिथं दमानं यायला पाहिजे तिथं धावते आणि जिथं नेटानं रेटायला पाहिजे तिथं दमते. एकदा आईच्या टाचेवर दार आपटलं. टाच सुजली. ती दार धरूनच चालायला लागली आणि मग स्प्रिंगचा मुद्दाच संपला.

मग आठवली मामाची चाळ. गिरणीच्या चाळीतल्या सार्वजनिक संडासाच्या दाराला दोरी बांधलेली असायची, दोरी वरच्या कप्पीवरून जायची आणि पलीकडच्या टोकाला वीट लोंबायची. दार उघडलं की वीट वर, सोडलं की वीट खाली. किती पिढ्या त्या विटेनं दार लावलं कोण जाणे. आमचे उस्ताद, ज्यांच्या हाताखाली मी माग शिकलो, ते म्हणायचे, "स्प्रिंग थकती, वजन थकत नाही." ऑटो लूमवर ताण्याच्या, म्हणजे उभ्या, प्रत्येक धाग्यावर पोलादाची एक पातळ पट्टी लोंबत असते. धागा तुटला की ती स्वतःच्या वजनानं खाली पडते आणि माग थांबतो. हजारो पट्ट्या, वर्षानुवर्षं. त्यांना कुणी चावी देत नाही.

रानात दोरी-वीट चालणार नव्हती. उन्हानं दोरी कुजते, कप्पी तर पोरं पहिल्याच आठवड्यात विहिरीवर नेतील. पण दाराचं स्वतःचं वजन होतं की! दहा फुटी दार, चाळीस मिलिमीटरच्या चौकोनी पाइपाचं, पन्नास किलोचं धूड. वीट वेगळी टांगायची गरजच नव्हती, दारालाच वीट करायचं.

त्याची रीत जुनी आणि सोपी आहे. वरची बिजागरी आणि खालची बिजागरी एका ओळंब्यात ठेवायचीच नाही. वरची पिन खांबापासून जरा पुढं, कडीच्या बाजूला सरकवायची. मग दार उघडताना सपाट फिरत नाही, चढ चढतं. सोडलं की उतारावरून घरंगळत घरी येतं. माझ्या दोन बिजागऱ्यांत अंतर तीन फुटांचं. वरची पिन तीन सेंटीमीटर पुढं घेतली की फिरायचा आस दोन अंशांच्या आसपास कलतो. एवढ्यानं पूर्ण उघडलेल्या दाराचं टोक दहा सेंटीमीटर वर जातं आणि मध्य पाच. पन्नास किलो पाच सेंटीमीटर उचलले म्हणजे अडीच किलोचा धोंडा मीटरभर उचलल्यासारखं झालं. दार मिटवायला ही शिदोरी भरपूर.

वेल्डिंगवाल्या मामूंना सांगितलं, वरची पिन पुढं घ्या.

"जॉबरसाब, खालची-वरची एका लायनीत नको?"

"नको."

"दार वाकडं बसंल."

"बसू द्या."

"लोक मला नावं ठेवतील, तुमाला नाही," मामू म्हणाले आणि तोंडावर काच धरली.

दार बसलं. उघडलं, सोडलं. सुरुवातीला विचार केल्यासारखं थांबलं, मग हलकेच निघालं, वेग घेतला, आणि खांबाच्या अलीकडं येता येता मंदावलं. खांबाला टेकून परत थोडं मागं आलं, पुढं गेलं, झुलत राहिलं. शेवटी थांबलं ते कडीपासून चार बोटं लांब. दुसऱ्यांदा सोडलं, तीन बोटं. तिसऱ्यांदा पाच. मी दिवसभर ते दार सोडत बसलो होतो. आई दोनदा चहाला हाक मारून गेली.

रात्री अंथरुणावर पडल्यावर उलगडा झाला. मी वरची पिन नेमकी कडीच्या दिशेनं पुढं घेतली होती. म्हणजे दाराची सगळ्यात खालची जागा, त्याचं घर, बरोबर मिटल्याच्या जागीच होतं. खड्ड्यात गोटी सोडली तर तळाशी पोचताना तिला ओढ उरत नाही. ओढ असते ती कडेवर, तळाला शून्य. माझ्या दाराचंही तेच. सताड उघडं असताना रेटा भरपूर, आणि जिथं कडी उचलून आत शिरायचं तिथं काही नाही. वेगात आलं तर वेगाच्या जोरावर शिरेल. पण माणूस कधी दार सताड उघडतं, कधी अंग चोरून वीतभर उघडून निसटतं. वीतभर उघडलेलं दार वेग आणणार कुठून?

तेव्हा दाराचं घर खांबाच्या पलीकडं हवं. दाराला अजून पुढं जायचंय आणि वाटेत खांब आडवा आला, असं झालं पाहिजे. त्यासाठी वरची पिन नुसती पुढं घेऊन भागत नाही, तिरकी घ्यावी लागते. आमचं दार बाहेर उघडतं. भारा आतून येतो, तेव्हा दार आईच्या पुढं ढकललं गेलं पाहिजे, अंगावर ओढावं लागता कामा नये. एवढं तरी मी बांधावर बसून शिकलो होतो. म्हणून पिन पुढं पावणेतीन सेंटीमीटर आणि आतल्या अंगाला एक सेंटीमीटर. आता सगळ्यात खालची जागा मिटल्याच्या पलीकडं वीसेक अंशांवर गेली. मामूंनी पिन कापली, परत जोडली, आणि ह्या वेळी काही बोलले नाहीत.

भाजीवाल्यांकडं हुकाचा डिजिटल वजनकाटा असतो, तो आणला. दाराच्या टोकाला अडकवून, मिटलेलं दार नुसतं खांबापासून सुटेल इतकं ओढलं. काट्यावर आकडा आला 280 ग्रॅम. टोकाला पाव किलोहून जरा जास्त. दोन वाट्या शेंगदाणे. एवढ्या रेट्यात कडी लागली पाहिजे, हा माझा सगळा हिशोब.

कडीसाठी मी कुठंच शोधायला गेलो नाही. मागावर कापड गुंडाळणाऱ्या रुळाला एक दातेरी चाक असतं, आम्ही त्याला रॅचेट म्हणतो. त्याच्या दात्याची एक बाजू तिरपी, दुसरी उभी. त्यावर एक पॉल, म्हणजे अडसरासारखा खटका, टेकलेला असतो. चाक पुढं सरकताना पॉल तिरप्या बाजूनं चढतो आणि टोक गाठलं की खट्‌कन खाली पडतो. मग उभी बाजू त्याला अडते आणि चाक मागं येऊ शकत नाही. तो आवाज मी सत्तावीस वर्षं ऐकला. दाराची कडी म्हणजे एकच दाता असलेलं रॅचेट.

खांबावर एक लांबट पट्टी, मधे पिनेवर झोके घेणारी. पुढच्या नाकाला खालून उतार, उताराच्या मागं खाच. दाराच्या टोकाला आडवा गज. गज उतारावर घुसतो, नाक उचललं जातं, गज खाचेत येतो, नाक पडतं. पट्टीची मागची शेपटी खांबाच्या आतल्या बाजूला राहते. ती खाली दाबली की नाक वर उठतं आणि दार मोकळं.

उतार पहिल्यांदा 45 अंशांचा केला. कारण काही नाही, मामूंकडं 45 ची खूण तयार होती. वीतभर उघडून दार सोडलं. आलं, उताराच्या पायथ्याला टेकलं आणि तिथंच उभं राहिलं. पुन्हा काटा काढला. नाकाचं वजन काट्यावर 150 ग्रॅम भरत होतं, पण 45 च्या उतारावर लोखंडावर लोखंड घासत ते उचलायला सव्वातीनशे ग्रॅमच्या आसपास रेटा लागत होता. माझ्याजवळ 280. चाळीस-पन्नास ग्रॅमसाठी दार उपाशी.

उतार 30 अंशांवर आणला. लांबला, नाक जरा बेढब दिसायला लागलं, पण लागणारा रेटा 180 वर उतरला. दार आत गेलं! मग मोह झाला. भंगारातून 6202 चं बेअरिंग आणलं, दोन्ही बाजूंनी रबराची झाकणं असलेलं, आणि गजाऐवजी ते बसवलं. आता घासणं संपलं, लोळणं आलं. काट्यानं शंभराच्याही खाली दाखवलं. मुद्दाम झाकणाचं घेतलं, कारण उघड्यावरच्या कडीला तेल-ग्रीस लावणं म्हणजे तिचं वाटोळं करणं. मागावर तेलात कापसाचं तूस बसायचं, इथं आमच्या मे महिन्यातली धूळ बसते. तेल आणि धूळ मिळून पॉलिश पेपर तयार होतो आणि पिन खाऊन टाकतो.

मधे एक फजिती झाली ती सांगितली पाहिजे. दार खांबावर आपटू नये म्हणून मी जुन्या टायरचा तुकडा लावला होता. कडी पुन्हा लागेना. दोन तास मी बेअरिंगला दोष देत होतो. टायरचा तुकडा सेंटीमीटरभर जाड होता, दार आधी रबराला भिडत होतं आणि पावशेर रेट्यानं टायर थोडाच दबतो? रबर लागायच्या आधी कडी पडली पाहिजे. तुकडा तासला, काम झालं.

शेपटी किती उंचीवर ठेवायची हे ठरवायला आईला टेप लावला. ती धुणं वाळत घालत होती.

"हात असा वाकवून उभी राहा."

"काय करूलालास?"

"कोपर मोजतोय."

"कोपराचं काय शिवतोस काय?"

तीन फूट अर्धा इंच. आई चार फूट दहा इंच, डोक्यावर भारा असला तरी कोपर तिथंच राहतं. शेपटीच्या टोकाला तळहाताएवढी पट्टी जोडली, कडा घासून गोल केल्या. कोपरानं दाबायचं, मांडीनं ढकलायचं. शेपटी लगेच सोडली तरी चालतं, बेअरिंग तोवर खाचेतून निघालेलं असतं.

जनावरांची परीक्षा वेगळी. गाय-बैल तोंडानं वर उचलतात. मान घासता घासता, जिभेनं, शिंगानं, त्यांना वरची दिशा चांगली जमते. म्हणून नाकाला वरून आणि बाजूंनी पत्र्याची टोपी घातली, आत मुसकट शिरत नाही. खाली दाबायचं मात्र त्यांच्या डोक्यात येत नाही. शेळीच्या येतं. आमची शेळी पुढचे पाय कशावरही ठेवते. तिच्यासाठी मी अजून काही केलेलं नाही. ती बांधलेली असते.

वाऱ्यानं मात्र आम्हाला हरवलं होतं. पहिल्या दाराला आम्ही हौसेनं खालपासून वरपर्यंत पत्रा ठोकला होता. वळवाच्या आधी जो वारा सुटतो तो ताशी 35-36 किलोमीटर सहज असतो, आणि तेवढा वारा एका चौरस मीटरवर सहा किलोच्या आसपास दाब देतो. दार साडेतीन चौरस मीटरचं. वीस किलोच्या वर वारा, माझा रेटा पावशेर. दार कसलं, शीडच ते. पत्रा काढून जाळी मारली. पत्र्याचं कोंबड्यांचं खुराडं झालं.

आणि आता ज्याचं कुणाच्याच लक्षात येत नाही ते. आमची जमीन हलते. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. एप्रिलमध्ये आमच्या रानात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. त्या मातीतली चिकण पाणी पिऊन फुगणाऱ्या जातीची आहे, म्हणून तर पाऊस संपल्यावर धरून ठेवलेल्या ओलीवर मालदांडी ज्वारी पिकते. जी माती ज्वारी देते तीच खांब कलवते. माझ्या दाराचा सगळा खेळ दोन अंशांचा, आणि चार फुटी खांबाचं डोकं जेमतेम दोन सेंटीमीटर कललं की एक अंश गेला. अर्धा रेटा मातीनं खाल्ला. जुना खांब दोन फूटच पुरलेला होता. मी नवा खड्डा मुरूम लागेपर्यंत खणला. मुरूम लागला साडेचार फुटांवर, खणणाऱ्या गड्यानं मला शिव्या दिल्या असतील. खाली काँक्रीट, वर फूटभर काळ्या मातीच्या जागी मुरूमच दाबला. कडीच्या खांबाचंही तेच. तरीसुद्धा थोडं हलणारच हे धरून बेअरिंगवर येणारा उतार उभा रुंद ठेवला, म्हणजे दार बोट-दीड बोट वरखाली झालं तरी नाक त्याला ओळखेल.

दार मार्चमध्ये लागलं, कडब्याच्या दिवसांत. पहिल्या दिवशी आई भारा घेऊन आली. मी विहिरीच्या कठड्यावर बसलो होतो, मुद्दाम दूर. कोपर टेकलं, मांडी लागली, दार पुढं गेलं, ती बाहेर पडली आणि चालत राहिली. दार तिच्या मागं सावकाश आलं. खट्.

ती थांबली. डोक्यावर भारा असला की नुसती मान वळत नाही, सगळं माणूस वळावं लागतं. ती सगळी वळली.

"कोण आलं गं?"

कुणी नव्हतं. दाराकडं थोडा वेळ बघत उभी राहिली, मग वस्तीकडं गेली. पुढचे दोन-तीन दिवस रोज वळायची. तिला त्या आवाजाचा अर्थ माहीत होता, तरी वळायची, कारण इतक्या वर्षांत तिच्या मागं दार लावणारं माणूस तिथं कधी नव्हतंच. मी तिला काही विचारलं नाही.

आता वळत नाही. आता ऑगस्ट आहे, कडवळ अजून यायचंय, ती बांधावरचं गवत आणते. काल मी बेअरिंग बघायला गेलो होतो. उतारावरचा रंग घासून एक चकचकीत रेघ पडली आहे, बेअरिंग जिथून रोज चढतं तिथं. मे महिन्यात ती रेघ पट्टीच्या मधोमध होती. काल तिच्या शेजारी, पाऊण बोट खाली, दुसरी रेघ उमटलेली होती.